अडीचशे किलोची अट

वाचकांचे प्रश्न : गाड्या आणि इंजिनं

प्रश्न : साहेब, आमची शिरोलीत छोटी फाउंड्री आहे. ट्रॅक्टरचे आणि पंपाचे पार्ट ओततो. मुलगा मोबाईलवर परदेशी गाड्यांचे व्हिडिओ बघतो आणि सांगतो की साडेसहाशे अश्वशक्तीचं इंजिन पावणेदोनशे किलोचं असतं. माझा विश्वास बसत नाही. आमच्या मळ्यात विहिरीवर 6 अश्वशक्तीचं जुनं ऑइल इंजिन होतं, ते जागचं हलवायला चार गडी लागायचे. शंभरपट ताकद आणि वजन कमी, हे गणित कसं बसतं? (कोल्हापूर)

उत्तर : मुलगा खरं सांगतोय. तो बहुधा गाड्यांचे रचनाकार गॉर्डन मरे यांच्या टी.50 या गाडीबद्दल बोलत असणार. इंग्लंडच्या कॉसवर्थ कंपनीने त्या गाडीसाठी बनवलेलं बारा सिलिंडरचं इंजिन 3,994 सीसीचं आहे, 663 अश्वशक्ती देतं आणि वजन आहे 178 किलो.

तुमच्या विहिरीवरचं इंजिन लिस्टर पद्धतीचं असावं, राजकोटला त्याच्या नकला ढिगाने व्हायच्या. एक सिलिंडर, जवळजवळ दीड लिटर, दोन्ही बाजूंना गाडीच्या चाकाएवढी फ्लायव्हील, म्हणजे जड फिरती चाकं. मिनिटाला 650 फेरे आणि 6 अश्वशक्ती. सगळं धरून वजन तीनशे किलोच्या पुढे.

आता गणित मांडू. अश्वशक्ती म्हणजे पिळाचा जोर (टॉर्क) गुणिले फेरे. मरे यांचं इंजिन 12,100 फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणजे तुमच्या इंजिनाच्या अठरापट. आकारमान पावणेतीन पट. दोन्हींचा गुणाकार पन्नासच्या आसपास. सहा गुणिले पन्नास, तीनशे झाले. उरलेली दुप्पट चांगल्या श्वासातून येते: एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, सरळ आणि मोठे हवेचे मार्ग, जास्त कॉम्प्रेशन. म्हणजे शंभरपट ताकदीतला मोठा वाटा नुसत्या फेऱ्यांचा आहे. फेऱ्यांना किलो लागत नाहीत. तुमच्या मुलाला बसलेला धक्का आणि तुम्हाला आलेला संशय, दोन्हींचं मूळ इथे आहे.

पण फेरे फुकटही मिळत नाहीत. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 63.8 मिलिमीटर. 12,100 फेऱ्यांना पिस्टन मिनिटाला चोवीस हजार वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. पिस्टन त्याच्या पिनेसकट (गजनपिन) 300 ग्रॅमचा आहे असं धरून हिशोब करा. वरच्या टोकाला त्याला अडवून मागे खेचायला कनरॉडला (पिस्टन आणि खालचा फिरता दांडा म्हणजे क्रँक यांना जोडणाऱ्या दांडीला) दीड टनापेक्षा जास्त ओढ सोसावी लागते. पाव किलोच्या थोड्या वर असलेल्या तुकड्यासाठी दीड टन! आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते. फेरे दुप्पट केले की ओढ चौपट. कॉम्प्रेशनच्या वेळी निदान वरून गॅसचा दाब पिस्टनला आवरतो. एक्झॉस्टच्या वेळी वर काहीच नसतं, तेव्हा सगळा भार कनरॉड आणि त्याच्या दोन बोल्टांवर. फार फेऱ्यांवर फुटलेल्या इंजिनांत बऱ्याचदा आधी गेलेला असतो तो कनरॉडचा बोल्ट. टेस्ट बेडवर असं इंजिन फुटलं की काचेपलीकडे उभं असूनही माणूस खाली बसतो.

म्हणून हलकेपणाची सुरुवात पिस्टनपासून होते, ब्लॉकपासून (ज्यात सिलिंडर असतात त्या ओतीव सांगाड्यापासून) नाही. बाहेरून बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. पिस्टन 30 ग्रॅमने हलका झाला की कनरॉड बारीक करता येतो. कनरॉड हलका झाला की क्रँकवरचे तोलाचे ठोकळे लहान होतात. क्रँक हलका झाला की क्रँक ज्यात फिरतो त्या मेन बेअरिंगवरचा भार उतरतो, मग ब्लॉकच्या भिंती पातळ चालतात. वर 30 ग्रॅम वाचवले की खाली किलोंनी वाचतात. टी.50 च्या इंजिनात कनरॉड आणि व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत, आणि बारा सिलिंडरचा अख्खा क्रँकशाफ्ट 13 किलोचा आहे. 13 किलो! आमच्या लाइनवर चार सिलिंडरच्या डिझेलचा क्रँक एका हाताने उचलायची पैज लागायची, आणि ती बहुतेक जण हरायचे.

आता तुमच्या धंद्याची बाजू. लोखंडाची घनता 7.2, ॲल्युमिनियमची 2.7. मग ॲल्युमिनियमचा ब्लॉक तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात व्हायला हवा. तसा होत नाही, साधारण अर्ध्यावर येऊन थांबतो. कारण ॲल्युमिनियम हलकं असलं तरी लवचिकही आहे. तेवढाच ताठपणा हवा तर भिंत जाड करावी लागते, मेन बेअरिंगभोवती फासळ्या द्याव्या लागतात, बोल्ट खोलवर न्यावे लागतात म्हणजे आटे उपटत नाहीत. शिवाय उघड्या ॲल्युमिनियमवर पिस्टन रिंग चालवली तर ती बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खाऊन टाकते. पूर्वी लोखंडी लायनर (आतून नळ्या) बसवत, त्यांचं वजन परत आलं. आता पातळ लेप देतात. निसानच्या जीटी-आरच्या 3.8 लिटर इंजिनात लायनर नाहीच, प्लाझ्माने फवारलेला लोखंडाचा थर आहे, मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा.

प्रश्न : मॅक्लारेन एफ1 ला लोक अजून सर्वांत भारी गाडी म्हणतात. तिचं इंजिन किती किलोचं होतं? त्यात खरोखर सोनं होतं का? (नाशिक)

उत्तर : 266 किलो. सोनं होतं, पण इंजिनात नाही, इंजिनाच्या खोलीत. उष्णता परतवण्यासाठी भिंतींना सोन्याचा वर्ख लावला होता. मिठाईला लावतात तसा पातळच.

या 266 मागची हकिकत मोठी छान आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. मरे हे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. पुढे इंग्लंडमध्ये येऊन त्यांनी ब्रॅबम आणि मॅक्लारेनच्या रेसगाड्या घडवल्या. रस्त्यावरची गाडी करायचं ठरल्यावर त्यांनी इंजिनासाठी तीन अटी घातल्या: 550 अश्वशक्ती, ब्लॉकची लांबी 600 मिलिमीटर, वजन 250 किलो. आणि टर्बो (सिलिंडरमध्ये हवा कोंबणारा पंखा) नको, कारण पाय दाबला की त्याच क्षणी ताकद हवी. आधी होंडाला विचारलं, ते तयार झाले नाहीत. मग बीएमडब्ल्यूच्या पॉल रोशे यांनी काम घेतलं.

रोशे यांनी जे दिलं ते 6,064 सीसीचं, बारा सिलिंडरचं, 627 अश्वशक्तीचं. लांबी पाळली. वजन 16 किलोने चुकलं. मरे म्हणजे बोल्टांचं वजन करणारा माणूस, पण मागितल्यापेक्षा 77 अश्वशक्ती जास्त मिळाल्यावर 16 किलोंवरून कोण भांडणार? ब्लॉक आणि हेड (सिलिंडरांवरचं झाकण) ॲल्युमिनियमचे. संप (खालचा ऑइलचा चेंबर), व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची घरं आणि झाकणं मॅग्नेशियमची, ते ॲल्युमिनियमपेक्षाही तिसऱ्या हिश्श्याने हलकं. फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं, टॉर्क पुढे पोचवायला लागेल तेवढंच. गाडी 1,138 किलोची झाली.

लांबीची अट वजनाच्या अटीएवढीच महत्त्वाची होती, हे सहसा कोणी सांगत नाही. बारा सिलिंडरचा क्रँक लांब असतो आणि लांब क्रँक चालताना ओल्या धोतरासारखा पिळतो, एक टोक पुढे आणि दुसरं मागे. हा पीळ विशिष्ट फेऱ्यांना स्वतःच्या कंपनाशी जुळला की क्रँक तुटतो. म्हणून एक तर क्रँक जाड करा किंवा आखूड. जाड केला की वजन वाढलंच. आखूड करायचा तर सिलिंडर एकमेकांना चिकटवा, पण मग दोघांच्या मध्ये पाण्याला वाट राहत नाही आणि हेड गॅस्केटची पट्टी अगदी अरुंद होते. इंजिनाचं वजन असं सेंटिमीटरमध्ये ठरतं.

1992 च्या त्या इंजिनानंतर जवळजवळ तीस वर्षांनी मरे यांनी टी.50 केली आणि इंजिनाचं वजन 266 वरून 178 वर आणलं. ताकद थोडी वाढलीच. पण आकारमानही सहा लिटरवरून चारवर आलं, हे लक्षात ठेवा. सगळी जादू धातूची नाही. लहान इंजिन जास्त फेऱ्यांना पळवलं, हाच मुख्य डाव.

प्रश्न : बुगाटीचं 1,500 अश्वशक्तीचं इंजिन चारशे किलोचं असल्याचं वाचलं. मग ते जड म्हणायचं की हलकं? (पणजी)

उत्तर : फार चांगला प्रश्न. आधी भागाकार करून बघा. बुगाटी शिरॉनचं सोळा सिलिंडरचं, आठ लिटरचं, चार टर्बोंचं इंजिन सुमारे 400 किलो, 1,500 अश्वशक्ती. म्हणजे किलोमागे पावणेचार अश्वशक्ती. टी.50 : 663 भागिले 178. तेही जवळपास पावणेचार! मॅक्लारेन एफ1 चं इंजिन सव्वादोनच्या थोडं वर. म्हणजे ज्याला सगळे अवजड म्हणतात ते इंजिन किलोमागच्या ताकदीत जगातल्या सर्वांत हलक्या रस्त्यावरच्या व्ही12 च्या (इंग्रजी V आकारात मांडलेली बारा सिलिंडर) तोडीचं निघालं.

पण मग शिरॉन जवळजवळ 2,000 किलोची का आणि टी.50 हजाराच्या आत का?

ताकद मिळवायच्या वाटा दोन. एक फेऱ्यांची, ती वर सांगितली. दुसरी दाबाची. टर्बोने सिलिंडरमध्ये हवा कोंबायची, तेवढं जास्त पेट्रोल जाळायचं आणि प्रत्येक फटका मोठा करायचा. फेरे फार लागत नाहीत, पिस्टनची ओढ बेताची राहते. त्या बदल्यात गॅसचा दाब सगळीकडे ढकलतो. शिरॉनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 86 मिलिमीटर. क्षणभरासाठी 100 बारचा दाब धरला तरी एका पिस्टनवर जवळजवळ सहा टन येतात. तेवढेच सहा टन हेडला वर उचलत असतात आणि मेन बेअरिंगला खाली दाबत असतात. हेडचे बोल्ट, डेक (ब्लॉकची वरची सपाटी), क्रँक, बेअरिंगच्या टोप्या, सगळं दणकट हवं. तरीही किलोमागे पावणेचार मिळते, कारण टर्बो हा अतिशय स्वस्त मजूर आहे. काही किलोंचा डबा, आणि जोर दीडपट-दुप्पट करतो.

फक्त त्याची मजुरी इंजिनाच्या काट्यावर दिसत नाही. पेट्रोलमधल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच चाकांपर्यंत जातो. बाकीची धुराड्यातून आणि पाण्यातून बाहेर काढावी लागते. 1,500 अश्वशक्ती चाकांवर म्हणजे तेवढ्याहून जास्त उष्णता रेडिएटरांच्या आणि एक्झॉस्टच्या गळ्यात. याच इंजिनाच्या आधीच्या अवतारासाठी, 1,001 अश्वशक्तीच्या वेरॉनला, दहा रेडिएटर होते. रेडिएटर, त्यातलं पाणी, इंटरकूलर, नळ्या, एवढा टॉर्क सोसणारा गिअरबॉक्स, मग हे सगळं थांबवायला मोठे ब्रेक, मोठी चाकं. यातला एक किलोही "इंजिनाच्या वजनात" धरला जात नाही.

म्हणून कोणी इंजिनाचं वजन सांगितलं की मी आधी विचारतो: काट्यावर काय काय होतं? ऑइल होतं का? पाणी? स्टार्टर, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर? फ्लायव्हील आणि क्लच? एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड? एकच इंजिन कोरडं आणि नागडं तोललं, मग सगळ्या साजासकट तोललं, तर चाळीस-पन्नास किलोंचा फरक सहज पडतो. कंपन्या नेहमी आपल्या सोयीचा आकडा छापतात आणि त्यात बेकायदा काही नाही.

बुगाटीनेच यावर बोलकी टिप्पणी केली आहे. 2024 मध्ये दाखवलेल्या टूरबियों या गाडीत त्यांनी चारही टर्बो काढून टाकले. नवं इंजिन सोळा सिलिंडरचं, 8.3 लिटरचं, 9,000 फेऱ्यांचं, 1,000 अश्वशक्तीचं आणि 252 किलोचं. बनवणारे पुन्हा कॉसवर्थच. उरलेली 800 अश्वशक्ती विजेच्या मोटरी देतात. दाबाच्या वाटेने वीस वर्षं चाललेली कंपनी फेऱ्यांच्या वाटेवर आली.

आणि दाबाची वाट धरूनही इंजिन हलकं ठेवता येतं, हे स्वीडनच्या कोनिगसेगने दाखवलं आहे. जेस्कोचं पाच लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही8 इंजिन 189 किलोचं आणि साध्या पेट्रोलवर 1,280 अश्वशक्तीचं. किलोमागे पावणेसातच्या आसपास. आमच्या काळी असा आकडा कोणी सांगितला असता तर चहा पाजून घरी पाठवलं असतं.

प्रश्न : आमच्याकडचे मेस्त्री म्हणतात, ॲल्युमिनियमचं इंजिन म्हणजे नाजूक, लोखंडाचं ते खरं. रेसिंगमध्ये लोखंड कधी चाललंय का? (सोलापूर)

उत्तर : चाललंय म्हणजे, जिंकलंय. 1983 ची फॉर्म्युला वन नेल्सन पिकेने ब्रॅबममधून जिंकली. त्या गाडीत बीएमडब्ल्यूचं दीड लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन होतं, आणि त्याचा ब्लॉक लोखंडी होता, कंपनीच्या साध्या रस्त्यावरच्या गाडीच्या इंजिनावरून घेतलेला. गंमत म्हणजे त्या गाडीचे रचनाकार होते गॉर्डन मरे आणि इंजिनाचे पॉल रोशे. म्हणजे जी जोडी पुढे 250 किलोंसाठी झगडली, तिनेच आधी लोखंडावर विश्वविजेतेपद मिळवलं होतं. दाब प्रचंड असेल आणि इंजिन लहान असेल तर लोखंडाचा ताठपणा कामी येतो, हा त्याचा अर्थ.

जपानी गाड्यांची हौस असणाऱ्यांमध्ये टोयोटा सुप्राचं 2जेझेड इंजिन म्हणजे देव. तेही लोखंडी ब्लॉकचं. लोक त्यातून हजार अश्वशक्ती काढतात ते याच भरवशावर. तेव्हा मेस्त्रींचं म्हणणं खोटं नाही. फक्त ते ज्या ॲल्युमिनियमबद्दल बोलतात ते पाण्याविना तापवलेल्या, हेड वाकलेल्या गाड्यांचं आहे. इंजिनात पाणी न घालणाऱ्याने धातूला दोष देऊ नये.

उलट बाजूचं उदाहरण डॉज व्हायपरचं. तिचं आठ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन मुळात ट्रकसाठीच्या लोखंडी आराखड्यातून आलेलं. तेव्हा लॅम्बोर्गिनी क्रायस्लरच्या मालकीची होती, तिच्या लोकांनी ते ॲल्युमिनियममध्ये उतरवायला मदत केली. एवढं करूनही सव्वातीनशे किलोंच्या घरात राहिलं आणि पहिल्या गाडीत दिलं 400 अश्वशक्ती. फेरे कमी, दाब कमी, नुसतं आकारमान. ही तिसरी वाट म्हणता येईल, आणि वजनाच्या दृष्टीने सर्वांत महागडी. पैशाच्या दृष्टीने मात्र सर्वांत स्वस्त.

प्रश्न : फॉर्म्युला वनचं इंजिन किती हलकं? आणि तसंच रस्त्यावरच्या गाडीत का घालत नाहीत? (ठाणे)

उत्तर : 2005 पर्यंतची तीन लिटरची व्ही10 इंजिनं 90 किलोंच्या आसपास होती आणि 900 अश्वशक्तीच्या आसपास देत. किलोमागे दहा. स्पर्धा इतकी पेटली होती की 2006 पासून 2.4 लिटरच्या व्ही8 ला नियमानेच किमान 95 किलोंची मर्यादा घालावी लागली. यापेक्षा हलकं केलंत तर बाद! त्याआधी बेरिलियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे पिस्टनही बंद केले होते. धातू अप्रतिम, पण धूळ फुफ्फुसाला विषारी आणि किंमत डोळे पांढरे करणारी.

रस्त्यावर न घालण्याचं कारण आयुष्य. 2005 च्या नियमाने एक इंजिन दोन शर्यतींच्या सप्ताहांताला पुरवायचं होतं, आणि तेवढ्यानेही अभियंते हैराण झाले. ही इंजिनं थंड असताना चालू करायची नसतात. आधी बाहेरून पाणी आणि ऑइल गरम करून फिरवायचं, कारण फटी चालत्या तापमानाला बेतलेल्या. सकाळी सहाला महाबळेश्वरात गाडी काढायची असेल तर हे कोण करणार? वाहतुकीत तासभर उभं राहणं, खराब पेट्रोल, प्रदूषणाची चाचणी, वॉरंटी, प्रत्येकाचे थोडे थोडे किलो आहेत. रस्त्यावरचं इंजिन जड असतं त्यातला बराच भाग ताकदीसाठी नसून पुढच्या लाखभर किलोमीटरसाठी असतो.

एक गोष्ट मात्र फॉर्म्युला वनमधून रस्त्यावर आली. 1967 मध्ये कॉसवर्थच्या कीथ डकवर्थ यांनी डीएफव्ही हे इंजिन केलं, सुमारे 168 किलोचं. लोटसने ते गाडीच्या सांगाड्यात ठेवलं नाही, सांगाड्याच्या मागे बोल्टने जोडलं आणि मागचं सस्पेन्शन इंजिनालाच टांगलं. इंजिन हाच सांगाडा. झँडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क जिंकले. ॲस्टन मार्टिनच्या वॅल्किरीत हेच केलंय: साडेसहा लिटर, 1,000 अश्वशक्ती, 206 किलो, आणि मागची गाडी इंजिनालाच लटकलेली. तिथे ब्लॉक मुद्दाम थोडा जड करणं परवडतं, कारण मागचा सांगाडाच वाचतो. नुसत्या इंजिनाचा आकडा बघून हे कळणार नाही.

त्या वॅल्किरीचा क्रँक सबंध पोलादी दांड्यातून कोरलेला आहे, दांड्याचा सुमारे 80 टक्के भाग किसून फेकलेला. आपल्या पुण्याच्या फोर्जिंगवाल्यांना हे पाप वाटेल, आणि हजारोंनी क्रँक करायचे असतील तर ते पापच आहे. घडवलेल्या क्रँकमध्ये धातूचे तंतू वळणाबरोबर वळतात, माल वाया जात नाही. पण गाड्या दीडशेच करायच्या असतील तर डायचा (घडाईच्या साच्याचा) खर्च कशावर पसरवणार?

प्रश्न : हायब्रिड झाल्यावर इंजिनं हलकी झाली म्हणतात. मग गाड्या जड का? (औरंगाबादहून आता जर्मनीत)

उत्तर : मॅक्लारेन आर्टुराचा हिशोब बघा. तिचं तीन लिटरचं व्ही6 इंजिन 160 किलोचं, कंपनीच्या आधीच्या व्ही8 पेक्षा 50 किलोंनी हलकं. त्यात विजेची मोटर 15.4 किलोची. इथपर्यंत फायदाच. मग बॅटरी 88 किलोची, आणि विजेचा सगळा पसारा मिळून 130 किलो. जमा 50, खर्च 130.

लॅम्बोर्गिनीने रेव्हुएल्टोत बारा सिलिंडरचं इंजिन 218 किलोंवर आणलं, अवेंटाडोरपेक्षा 17 किलो कमी. तिथेही तीन मोटरी आणि बॅटरी येऊन बसल्यावर त्या 17 किलोंचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

प्रश्न : काका, आम्ही कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटची गाडी करतोय. मोटरसायकलचं इंजिन आहे. फ्लायव्हील घासून हलकं करू का? (पुणे)

उत्तर : कर, पण आधी दुसऱ्या दोन गोष्टी कर. पहिली, इंजिन खाली आण. तुमच्या गाडीचं वजन अडीचशे किलोच्या आसपास असेल, त्यात इंजिन 20 मिलिमीटर खाली बसलं तर वळणावर जे मिळतं ते किलो घासून मिळणार नाही. फॉर्म्युला वनच्या 2006 च्या नियमात इंजिनाचा गुरुत्वमध्य तळापासून किमान 165 मिलिमीटर वर ठेवायची सक्ती होती, यावरून त्याची किंमत ओळख. ऑइलचा चेंबर आड येत असेल तर ड्राय संपचा (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवायचा) विचार करा, पण पंप आणि टाकी स्वतः बनवायची तयारी असेल तरच. उथळ चेंबर करून तसंच पळवलंत तर पहिल्याच लांब वळणावर ऑइल एका बाजूला जाईल आणि कनरॉडच्या खालच्या टोकाचं बिग एंड बेअरिंग जळेल.

दुसरी, इंजिनाला लटकलेलं सामान तोला. ब्रॅकेट, एक्झॉस्ट, बॅटरी, वायरिंग. तिथे कापाकापी केली तर काही फुटत नाही.

फ्लायव्हील शेवटी. ते हलकं केलं की फेरे चटकन चढतात आणि तेवढ्याच चटकन उतरतात. एका सिलिंडरचं इंजिन आयडलला अडखळेल, सुटताना बंद पडेल. लेथवर घासलंत तर बॅलन्स करून घ्या, आणि कडेकडून घासा, मधून नाही. मधला भाग क्रँकला धरून ठेवतो.

प्रश्न : माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये अपघातातल्या स्पोर्ट्‌स कारचं व्ही6 इंजिन बसवायचा विचार आहे. गॅरेजवाला हो म्हणतो. (सांगली)

उत्तर : गॅरेजवाला हो म्हणणारच, चेन ब्लॉकचं भाडं त्याला मिळणार आहे. आधी दोन्ही इंजिनं गिअरबॉक्ससकट भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घ्या. पुढच्या ॲक्सलवर जेवढे किलो वाढतील त्याप्रमाणे स्प्रिंगा, ब्रेक, माउंटिंग आणि बहुधा रेडिएटरही बदलावा लागेल. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवावा लागतो. परवानगीआधी इंजिन उतरवू नका आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. यातलं काहीही गॅरेजवाला तुमच्यासाठी करणार नाही.